धातूंमधलं ट्विनिंग शिकतोयस? आधी कथील वाकव

थेट मॅग्नेशियम घेऊन बसू नकोस. तांबट आळीत कल्हईचं कथील विचार, शिसं न मिसळलेलंच घे. कांडी कानाजवळ धरून वाकव. कर्रकर्र आवाज येतो ना, तेच ट्विनिंग! ताणाखाली अणूंच्या जाळीचा एक पट्टा झटक्यात कलतो आणि शेजारच्या भागाचं आरशातलं रूप घेतो.

धातू बारीक स्फटिक-कणांचा बनलेला असतो. सुरुवात बहुधा कणसीमेवर, म्हणजे दोन कण भिडतात त्या रेषेवर होते, कारण ताण तिथे साचतो. आधी ट्विनचं पातळ पातं कणात आरपार धावतं. जाड होतं ते मागाहून.

आता मायक्रोस्कोपखाली ट्विन बघताना नवखे हमखास चुकतात ते:

- नमुना कापताना-घासताना जोर लावतात. जस्त, मॅग्नेशियममध्ये त्यानेच नवे ट्विन उमटतात आणि पोरं ते ताण देऊन केलेल्या चाचणीचे समजून मोजत बसतात. शेवटचं पॉलिशिंग हलक्या हातानेच.
- दिसली रेघ की म्हणे ट्विन! पुन्हा पॉलिश करून एच (etch) कर, म्हणजे रसायनाने पृष्ठभाग हलकासा कोर. घसरणीच्या रेघा (अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्याने उमटलेल्या) जातात, ट्विन राहतो.
- पितळेतले सरळ कडांचे पट्टे बहुतेक अनीलिंगचे, म्हणजे धातू तापवून मऊ करताना आलेले ट्विन. ताणाचे ट्विन टोकाला निमुळते असतात.

श्मिड फॅक्टर (दिलेल्या ताणातला किती भाग कामी येतो त्याचा आकडा), ईबीएसडी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने कणांची दिशा मोजायची पद्धत) सध्या राहू दे. कॉलेजच्या लॅबमधला साधा मायक्रोस्कोप भरपूर झाला, फक्त लेन्स पुसून घे, कुणी पुसत नाही.