कोल्हापुरात पहिलं घर घ्यायचंय. मार्गदर्शन आणि पैशाची मदत नेमकी कुणाकडून घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: नवरा-बायको मिळून महिन्याला ५० हजार हातात येतात, ८ लाख साठलेत, एजंटनं फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला ३८ लाखांचा फ्लॅट दाखवलाय, सरकारी अनुदान मिळतंय असं तो म्हणतोय, आणि कमी पडलं तर मेहुणे ओळखीच्या पतसंस्थेतून पैसे उभे करून देणार आहेत.

विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊ नका. आधी बँकेत जा.

मी इथल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. पहिलं घर घेणारे लोक बहुतेक वेळा विसार देऊन, पेढे वाटून मग आमच्या टेबलासमोर यायचे. तेव्हा आम्ही फक्त आकडे सांगायचो आणि त्यांचे चेहरे उतरायचे. तुमचे आकडे आत्ताच मांडून बघूया.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्याच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. म्हणजे ३८ लाखांवर फार तर ३० लाख ४० हजार. उरलेले ७ लाख ६० हजार तुमचे. एवढ्यात भागलं असं एजंट सांगणार, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक किमतीत धरत नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख २८ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. झाले सव्वादहा लाखांच्या आसपास, वकील आणि एजंट वेगळे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वर जीएसटी. ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरायची परवानगी, मिळाल्यावर घेतलात तर जीएसटी नाही.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये पडतात. ३० लाखांना २६ हजार. ५० हजारांतून २६ हजार गेले की पोराची फी, आईचं औषध, गावची जत्रा कशातून करणार? बँकही याला सहजासहजी हो म्हणणार नाही.

तेच ३० लाखांचं रिसेल घर धरा. २४ लाख कर्ज, ६ लाख तुमचे, १ लाख ८० हजार मुद्रांक, ३० हजार नोंदणी. ८ लाख १० हजार. हप्ता २१ हजारांच्या आत. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, म्हणजे आणखी ३० हजार वाचले. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट मिळत नाही. मालकी तिची आणि कर्जाला तुम्ही सहकर्जदार, असं करता येतं. पुरुषांना हे सांगितलं की जरा घुटमळतात, पण ३० हजार म्हणजे जवळजवळ दीड हप्ता.

अनुदानाचं एजंट अर्धवट खरं बोलतोय. जुन्या प्रधानमंत्री आवास योजनेत २ लाख ६७ हजारांपर्यंत मिळायचे, ती व्याज अनुदानाची सोय २०२२ मध्ये संपली. लोक अजून तोच आकडा सांगत फिरतात. आता शहरी २.० योजना आहे, १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जांना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज चालू असायला हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असायला हवं, तरच पुढचा हप्ता येतो. म्हणजे ३८ लाखांचा फ्लॅट बसत नाही, ३० लाखांचा बसतो. सुरुवातीला हे पैसे हातात येत नाहीत, म्हणून ८ लाखांच्या हिशेबात ते धरू नका.

देशात कुठंही तुमचं, बायकोचं किंवा अविवाहित मुलांचं पक्कं घर नसावं, ही मुख्य अट. घर वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही. पण वडील वारल्यावर वारस नोंद होऊन गावच्या घराला चार भावांबरोबर तुमचंही नाव लागलेलं असतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही नसतं. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढून बघा आणि बँकेला आधीच सांगा. योजनेसाठी शपथपत्र द्यावं लागतं, त्यात खोटं नको.

योजनेची ३५ लाखांची मर्यादा कळल्यावर एजंट म्हणेल, “कागदावर ३५ दाखवू, वरचे ३ रोख द्या.” नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कर्ज मिळणार ते कागदावरच्या आकड्यावर, त्यामुळं रोख रक्कम सगळी तुमच्याच खिशातून जाणार. पुढं व्यवहार फिसकटला तर त्या ३ लाखांचा पुरावा काय?

आता जागा. कोल्हापुरात घर बघताना मी हॉलच्या खिडक्या शेवटी बघतो, आधी पाणी विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण व्हीनस कॉर्नर आणि नागाळा पार्कासारख्या भागातही पाणी शिरलं. जयंती नाल्याचं पाणी तुंबून मागं येतं, हे नकाशा बघून कळत नाही. पूररेषा दोन असतात. निळी, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मंजूर नकाशावर आपली इमारत कुठं बसते ते बघा, आणि मग समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, “एकोणीसला इथं कुठवर होतं?” तो भिंतीवर हात लावून दाखवेल. तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असेल, पण मीटर, लिफ्ट, पाण्याची मोटर आणि गाडी खालीच असते.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशा उंचावरच्या किंवा हद्दीबाहेरच्या भागांत भाव जरा बरे मिळतात. तिथं उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्यामुळं बांधकाम परवाना कुणाचा आणि कधीचा हे नीट तपासा. घरफाळ्याची पावती म्हणजे परवाना नव्हे. योजनेच्या अनुदानाला ती जागा चालते का, हेही बँकेकडून लेखी घ्या. गुंठेवारीचा तुकडा (मंजुरीशिवाय पाडलेला छोटा प्लॉट) किंवा सातबाऱ्यावर देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली जमीन), भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असलं काही दिसलं तर स्वस्त मिळतंय म्हणून पुढं जाऊ नका. देवस्थानच्या जमिनी करवीर तालुक्यात कमी नाहीत, आणि त्या वाटेला गेलेला माणूस लवकर परत येत नाही.

मार्गदर्शनाचं म्हणाल तर इथं प्रत्येक पाव्हणा मार्गदर्शक असतो. पैसे कोण देतंय त्याच्या बाजूनं माणूस बोलतो, एवढं धरून चाला. एजंटचं कमिशन व्यवहार झाला तरच आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमची सोय बघत नाही. म्हणून स्वतःचा वकील लावा, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल) घ्या, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, भोगवटा प्रमाणपत्र आणि आधीच्या मालकाचा कर्जाचा बोजा उतरलाय का हे त्याच्याकडून बघून घ्या. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि ताब्याची तारीख बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डरांची संघटना क्रिडाई कोल्हापूर हिचं ‘दालन’ प्रदर्शन भरतं तेव्हा जरूर जा, बिल्डर आणि बँका एकाच मांडवात सापडतात. फक्त त्या दिवशी चेकबुक घरी ठेवा.

राहिली मेहुण्यांची पतसंस्था. तिचं व्याज गृहकर्जापेक्षा जास्त असतं आणि मुदत कमी, त्यामुळं २ लाखांचा हप्तासुद्धा जड जातो. शिवाय तो हप्ता सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, दिसला तर गृहकर्जाची पात्रता तेवढी घटते. दोघांपैकी कुणाचा पीएफ असेल तर घरासाठी त्यातून रक्कम काढता येते, ती आधी विचारा. आणि ज्या बँकेकडून गृहकर्ज घ्याल ती आवास योजनेत सामील आहे ना, हे अर्जाच्या आधीच विचारा. योजनेत नसलेल्या संस्थेकडून कर्ज घेतलंत तर अनुदान मिळणार नाही. पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि दोघांचं सिबिल घेऊन या आठवड्यात दोन-तीन बँकांत जाऊन या, आणि पात्रता किती ते लेखी मागा. तो आकडा हातात आला की एजंटला फोन करा.