लघवीत प्रोटीन आलंय, पण सोनोग्राफी नॉर्मल आहे. तरी डॉक्टर किडनीला सूज आहे म्हणतात. ती कशामुळे येते आणि बरी होते का?

घोळ 'सूज' या शब्दाचा आहे. खड्यामुळे लघवी अडली की किडनी फुगते, तिलाही आपण सूजच म्हणतो, आणि ती सोनोग्राफीत दिसते. तुमच्या लघवीत प्रोटीन आलंय म्हणता, म्हणजे डॉक्टरांना बहुधा नेफ्रायटिस म्हणायचंय, किडनीतल्या गाळण्यांचा दाह. एका किडनीत अशा साधारण 10 लाख गाळण्या असतात. त्या सोनोग्राफीत दिसत नाहीत.

मला हेच झालं होतं. घसा धरला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. दुखत काहीच नव्हतं. सकाळी पापण्या जड असायच्या, ते मी जागरणावर ढकललं. शेवटी बायोप्सी झाली. पालथं झोपवतात, जागा बधिर करतात, 'श्वास रोखा' म्हणतात आणि स्टेपलरसारखा खटका ऐकू येतो. निघालेला तुकडा दोऱ्याएवढा. निदान आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीतली प्रथिनं गाळण्यांत साचणं.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही. मुलांमध्ये घशाच्या जंतुसंसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी असा दाह होतो आणि बहुतेकदा आपोआप ओसरतो. ल्युपसमध्येही होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारात. थंडी वाजून ताप आणि कुशीत कळ असेल तर तो जंतूंचा प्रकार, त्याला अँटिबायोटिक. आणि औषधांमुळे होतो तो वेगळाच: वेदनाशामक गोळ्या, काही अँटिबायोटिक, ॲसिडिटीच्या गोळ्यासुद्धा. तिथे गोळी बंद करणं हाच पहिला उपचार. म्हणून घेत असाल ते सगळं डॉक्टरांना सांगा, काढे आणि चूर्णंसुद्धा. लोक नेमकं तेच लपवतात.

स्टेरॉइड सगळ्यांना लागत नाही. मला लागलं नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, ती प्रोटीनची गळतीही कमी करते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. पूर्ण बरी होते का? माझी नाही झाली, पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, आहे तिथेच आहे.

लघवीच्या रिपोर्टवरच्या नुसत्या 'प्लस प्लस'वर थांबू नका, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून आकडा घ्या. लघवी एकदम कमी झाली किंवा दम लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.