न्यू हॅम्पशायर जिंकलं म्हणजे उमेदवारी खिशात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत मागे पडलेला एखादा उमेदवार आयोवा किंवा न्यू हॅम्पशायर या परंपरेने सगळ्यात आधी मतदान करणाऱ्या राज्यांत चमकला की लगेच ‘मोमेंटम’ची चर्चा का सुरू होते, आणि ही हवा शेवटपर्यंत टिकते का.

बहुतेक वेळा टिकत नाही. पण ती खोटीही नसते.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिथं पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मतदान करतात, त्यावर डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, ठरतात, आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात निम्म्याहून जास्त डेलिगेट ज्याच्याकडे तो उमेदवार. आयोवाच्या वाट्याला यातले येतात किती? २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदारांनी ठरवायचे जवळपास चार हजार डेलिगेट होते, त्यात आयोवाचे ४१. तरी त्यासाठी मोठमोठे सिनेटर आदल्या उन्हाळ्यात तिथल्या जत्रेत हिंडतात आणि लोण्याची गाय बघत फोटो काढून घेतात. (खरंच लोण्याची असते, अख्ख्या गायीएवढी.)

कारण तिथं किती मतं मिळाली याला नाही, तर अंदाजापेक्षा जास्त मिळाली का याला किंमत असते. १९७६ ला जिमी कार्टरला आयोवात २८ टक्क्यांच्या आसपास मिळाले. पहिला नंबर होता ‘अजून कोणाचंच नक्की नाही’ म्हणणाऱ्यांचा, ३७ टक्के! पण जॉर्जियाचा हा माजी गव्हर्नर तोवर देशात फारसा कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे पेपरांनी त्यालाच विजयी ठरवलं. आयोवाचा भाव तेव्हापासून वधारला.

हवेचा खेळ नीट बघायचा असेल तर माझ्या मते १९८४ ची डेमोक्रॅटिक पक्षातली गॅरी हार्टची लढत बघावी. माजी उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेलकडे सगळं होतं: कामगार संघटना, पैसा, पक्षातली जुनी माणसं. आयोवात त्याला ४९ टक्के मिळाले आणि कोलोरॅडोच्या हार्टला जेमतेम १६. एरवी विषय संपला असता. पण मॉन्डेल जिंकणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं, त्यात बातमी कसली? बातमी झाली ती दुसरा कोण आला याची, कारण दुसरा येणार म्हणून ज्याचं नाव होतं तो अंतराळवीर जॉन ग्लेन पार मागे फेकला गेला होता. पुढचे आठ दिवस कॅमेरे हार्टच्या मागे. न्यू हॅम्पशायरमधल्या बर्लिन नावाच्या गावात लाकूडतोड्यांच्या स्पर्धेत त्याने कुऱ्हाड फेकली, ती नेमकी मधोमध रुतली आणि टीव्हीवर दिसली. २८ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरच्या मतदानात हार्टला ३७ टक्के, मॉन्डेलला २८.

मग घोडं अडलं कुठं? एक तर ११ मार्चच्या अटलांटातल्या वादविवादात मॉन्डेलने एका हॅम्बर्गरच्या जाहिरातीतली ओळ उचलून विचारलं, तुमच्या ‘नव्या कल्पनां’मध्ये बीफ कुठंय, म्हणजे आत दम कुठंय? लोक हसले आणि ते हसू हार्टला चिकटलं. दोन दिवसांनी सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान. हार्टने फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड घेतलं. मॉन्डेलने जॉर्जिया आणि अलाबामा राखलं, आणि चर्चा झाली ती मॉन्डेल सावरल्याची! अंदाजाचं माप आता उलट्या बाजूने लागलं होतं. दुसरी गोष्ट जास्त रुक्ष आहे आणि मला जास्त महत्त्वाची वाटते. काही राज्यांत हार्टच्या लोकांनी मुदतीत डेलिगेटांची पूर्ण यादीच भरली नव्हती. मतं मिळाली तरी घेणार कोण? शेवटी देशभरातली मतं मोजली तर दोघांत फार अंतर नव्हतं, पण उमेदवारी मॉन्डेलला गेली. (नोव्हेंबरात रेगनने त्याला ४९ राज्यांत हरवलं, तो वेगळा विषय.)

२००८ मध्ये ओबामाच्या लोकांनी डेलिगेटांचं नेमकं हेच गणित घोटून घेतलं होतं. आयोवा जिंकल्यावर पाचच दिवसांत, सगळे पोल बाजूने असताना, तो न्यू हॅम्पशायर हरला. तेव्हा मी न्यू जर्सीत होतो. ५ फेब्रुवारीला आमच्याकडे त्याची प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन दहा टक्क्यांनी जिंकली आणि ऑफिसातले निम्मे लोक म्हणाले, झाला फुगा फुसका. पण डेलिगेट वाटून मिळतात: न्यू जर्सीत हिलरीला ५९, ओबामाला ४८, म्हणजे तिची कमाई ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत, जिथं हिलरीच्या लोकांनी जवळपास लक्षच दिलं नव्हतं, ओबामाला १५ आणि तिला ३. त्याची कमाई १२! एवढंसं आयडाहो न्यू जर्सीला भारी पडलं. तिथं त्याचे कार्यकर्ते कित्येक महिने आधीपासून काम करत होते.

आता या सगळ्याला छेद देणारं उदाहरणही सांगायला हवं. २०२० ला बायडन आयोवात चौथा, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जवळपास ४९ टक्के घेऊन जिंकला आणि तीनच दिवसांनी सुपर ट्यूजडेला १४ पैकी १० राज्यं. मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची यंत्रणा नावालाच होती. इथं हवेनेच काम केलं हे मान्य. पण त्या तीन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्याला पाठिंबा दिला, शिवाय आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेल्या माणसाची ओळख करून द्यायची नव्हती. हार्टला लोक ओळखायला लागेपर्यंत पुढचं मतदान आलेलं असायचं. उलट त्याच सुपर ट्यूजडेला अब्जाधीश ब्लूमबर्गने कोट्यवधी डॉलर ओतून काय मिळवलं, तर पॅसिफिकमधलं चिमुकलं अमेरिकन समोआ.

त्यामुळे पुढच्या वेळी न्यू हॅम्पशायरचा निकाल लागला की विजेत्याचं भाषण बघाच, पण पुढच्या आठवड्यात कोण माघार घेतं आणि कोणाच्या पाठीशी उभं राहतं त्यावरही लक्ष ठेवा. एकाच गटाची मतं तिघांत वाटली जात असतील, तर तिघांपैकी कोणाची कितीही हवा असली तरी डेलिगेट चौथाच घेऊन जातो.