न्यूट्रिनो थिअरीत पीएचडीला जर्मनीला येऊ का, असं विचारणाऱ्या अमळनेरच्या मुलीला

तू लिहिलंस की ताई, एम.एस्सी. फिजिक्स झालंय, न्यूट्रिनो या अगदी हलक्या, जवळजवळ कशालाच न धडकणाऱ्या कणाच्या वस्तुमानावर थिअरी करायचीय, जर्मनीला येऊ का आणि बाबांना काय सांगू. मी सावद्याची, हायडेलबर्गला सात वर्षं झाली, काम यातच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आधी पैशाचं, घरी तेच विचारतील. इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, करार होतो, पगार मिळतो, त्यामुळे शेत गहाण टाकून यायची गरज नाही. मास्टर्सला मात्र इथल्या आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, एजंट लोकांच्या नादी लागायच्या आधी हा फरक समजून घे.

पण देश बघून येऊ नको, प्रश्न बघून ये. क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, त्यांचं मिक्सिंग (एका प्रकारात दुसऱ्या प्रकारांची सरमिसळ) थोडंसंच आणि न्यूट्रिनोंचं एवढं भरपूर का, हे अजून सुटलेलं नाही. थीटा वन-थ्री हा न्यूट्रिनोंच्या मिक्सिंगचा एक कोन शून्य धरून लोकांनी सिमेट्रीवर (सममितीवर) बांधलेली ढीगभर मॉडेलं केली होती, मग २०१२ ला चीनच्या दाया बे प्रयोगात तो साडेआठ अंशाच्या आसपास निघाला आणि त्यातली कितीतरी आडवी झाली, काहींना ठिगळं लावून परत उभं केलं. माझ्या पहिल्या गाईडनी मला तसलंच ठिगळाचं मॉडेल दिलं, दीड वर्ष नुसते पॅरामीटर फिरवत बसले, प्रयोगात तपासता येईल असं एकही भाकीत निघेना, शेवटी ग्रुप बदलला, त्या हिवाळ्यात फार रडले गं. म्हणून इंटरव्ह्यूत तूच विचार, सर, हे मॉडेल चुकलं तर कोणत्या आकड्यावरून कळेल? याचं नीट उत्तर देणारा माणूस धर, मग तो अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेत असला तरी तिथेच जा.

मेलमधे आवड आहे, आवड आहे असं लिहू नको, गणित करून पाठव. ऑसिलेशनमधून, म्हणजे न्यूट्रिनो वाटेत एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात त्यातून, वस्तुमानांच्या वर्गांचे फरकच कळतात, साधारण ०.००००७५ आणि ०.००२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर्ग (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांचं वस्तुमान सांगायचं एकक). सगळ्यात हलका न्यूट्रिनो शून्य धर आणि तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज दोन्ही क्रमांनी काढ, नॉर्मलला (दोन हलके, एक जड) ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ येईल, उलट्या क्रमाला (एक हलका, दोन जड) ०.१. यातला कुठला खरा हे ठरवायला चीनमधे जूनो प्रयोग २०२५ मधे सुरू झालाय. जर्मनीतल्याच कार्ल्सरुहच्या कात्रिन प्रयोगानी न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लावलीय, म्हणजे इलेक्ट्रॉनपेक्षा निदान अकरा लाख पट हलकं, मला अजून हे लिहिताना काटा येतो.

बाबांना खरं सांग. पीएचडीनंतर दोन-दोन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, इथल्या विद्यापीठात तात्पुरत्या करारांना पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी मर्यादा, कायमच्या जागा फार थोड्या. आणि इलेक्ट्रिक शेगडीवर भरताचं वांगं भाजत नाही, काड्यांच्या जाळावरच्या त्या वासाची आठवण पहिल्या थंडीत फार येते, आईलाही हे सांगून ठेव.

बेरीज झाली की वहीचा फोटो पाठव, मी तपासून देते.