मे महिन्यात संभाजीनगरला क्रांती चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा पायी जाऊन पाहता येईल का? पुलावरून चांगला दिसतो की खालून?

येईल की. फक्त सकाळी आठच्या आत पोहोचा, आणि बघायचा तर खालूनच बघा.

परभणीहून रात्रीच्या गाडीने येताय आणि सोबत आई आहेत, असं तुम्ही लिहिलंय. स्टेशनवरून उस्मानपुऱ्याच्या रस्त्याने आलात तर अर्ध्या-पाऊण तासात चौकात पोहोचाल. आईंना एवढं चालणं जड जाणार असेल तर उस्मानपुऱ्यापर्यंत रिक्षा करा आणि पुढचं तेवढं पायी या.

आता पुलाचं. जालना रोडवरचा उड्डाणपूल झाला आणि महाराजांचा जुना पुतळा त्याच्यापुढे ठेंगणा दिसायला लागला. शिवप्रेमींना ते सहन होण्यासारखं नव्हतं. उंची वाढवा, ही मागणी शहराने वर्षानुवर्षं लावून धरली. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये, शिवजयंतीच्या आदल्या रात्री, आजच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. ब्राँझचा पुतळा २१ फूट, चौथरा ३१ फूट, असे एकूण ५२ फूट. शिल्पकार पुण्याचे दीपक थोपटे. म्हणजे ही उंची त्या पुलामुळे आलेली आहे, आणि पुलाखाली उभं राहून मान वर केली की ते लगेच कळतं. पुलावरून गाडीने जाताना महाराज दिसतात, पण दोन क्षण. तिथे थांबायचा प्रयत्न करू नका, वाहनं फार वेगात असतात.

मला स्वतःला चौथरा जास्त आवडतो. भोवती २४ कमानी आहेत आणि त्यांत मावळे उभे आहेत. बहुतेक लोक वर बघून फोटो काढतात आणि निघून जातात, मावळ्यांकडे कोणी बघतच नाही. तुम्ही पूर्ण फेरी मारा. ज्यांच्या जिवावर स्वराज्य उभं राहिलं त्यांना महाराजांच्या पायाशी जागा दिली, हे मला फार योग्य वाटतं.

आणि एक गोष्ट आईंना नक्की सांगा. याच जागेला काळा चबुतरा म्हणत. १८५७ मध्ये इथल्या घोडदळातल्या सैनिकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्यांतल्या काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. चौकाच्या नावातली क्रांती ती.

उन्हाचं म्हणाल तर दहानंतर तिथला डांबरी रस्ता आणि दगड दोन्ही तापतात. सावली म्हणजे काय ती पुलाखालचीच. डोक्याला उपरणं, हातात दस्ती आणि पाण्याची बाटली असू द्या. गाडीला उशीर झाला तर दुपारी जाऊच नका. संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा पुतळ्यावर दिवे असतात आणि आईंनाही निवांत बसता येईल.