सगळे माझ्याकडेच मन मोकळं करतात, मग कोच होऊ का?

महिन्याकाठी एखादा तरी माणूस हा प्रश्न घेऊन येतो. यावेळी आल्या होत्या ५३ वर्षांच्या एक बाई. बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पर्समधून दोन माहितीपत्रकं काढून त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक दोन दिवसांच्या ‘आंतरराष्ट्रीय सर्टिफाइड लाइफ कोच’ कोर्सचं, दुसरं सहा महिन्यांचं आणि खिशाला चांगलंच जड.

“मॅडम, शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे माझ्याकडे यायचे. २४ वर्षं तेच केलं. पण हे म्हणतात, लोक सल्ला फुकट घेतात, पैसे कोण देणार? आणि शेजारीण विचारते, कोचिंग म्हणजे दहावीचं घेणार की बारावीचं?”

हसू आलं. हा कोच शिकवत नाही, सल्लाही देत नाही; प्रश्न विचारून माणसाला स्वतःचं उत्तर शोधायला मदत करतो. पण शेजारणीचं फार चुकलेलं नाही. आपल्याकडे कोणीही ‘कोच’ अशी पाटी लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचसाठी असा कायदा नाही. म्हणून सर्टिफिकेट कुणाचं, याला महत्त्व येतं. जगभर जास्त चालतं ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं. ही संस्था १९९५ सालची. तिच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच), पुढे पीसीसी आणि एमसीसी या वरच्या पायऱ्या. एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, १० तासांचं मेंटर कोचिंग (म्हणजे अनुभवी कोचनं आपल्या कोचिंगवर केलेलं मार्गदर्शन) आणि वर परीक्षा.

“१०० तास? माझे हजारो झाले असतील.”

ते धरत नाहीत. तास मोजायचे ते प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचे. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. २४ वर्षांची पुंजी कुणी खात्यातच धरू नये, हे बँकेतल्या माणसाला तर जास्तच लागणार.

त्यांना म्हटलं, दोन्हीकडे फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. कोर्सला आयसीएफची मान्यता आहे का? आणि माझं प्रत्यक्ष सेशन ऐकून कोणी चुका दाखवणार का? दोन दिवसवाल्यांनी दोन्ही प्रश्नांना बगल दिली आणि ‘आज रात्रीपर्यंत सवलत’ आहे असं सांगितलं. तो कागद बाईंनी माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सहा महिन्यांचा कोर्स सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. एका सेशनचं रेकॉर्डिंग घेऊन त्या पुन्हा आल्या. समोरच्या मुलीची परवानगी होती. मुलगी त्यांच्याच जुन्या शाखेतली क्लार्क. प्रमोशन घेतलं की बदली, घरी लहान मूल. ४० मिनिटांचं बोलणं. मी बाईंच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं आणि स्वतः बोलत असाल तेव्हाच चालू ठेवा म्हटलं. आकडा आला २६ मिनिटं.

“पण मी प्रश्नच विचारले हो!”

मग आम्ही ते प्रश्न कागदावर उतरवून घेतले. “अशी संधी पुन्हा येते का?” “सासूबाई सांभाळतील की नाही?” “आत्ता नाही घेतलंस तर पुढे वाईट वाटेल, असं नाही वाटत तुला?” एकेक मोठ्याने वाचायला लावला. तिसऱ्यापाशी त्या थांबल्या. मुलाच्या दहावीसाठी २००९ साली त्यांनी स्वतः प्रमोशन नाकारलं होतं. ती हळहळ आता शेवटी प्रश्नचिन्ह लावून त्या मुलीपुढे ठेवत होत्या.

यात त्यांचं एकटीचं काही चुकत होतं असं नाही. मी समुपदेशनात बरीच वर्षं काढून मग कोचिंग शिकायला गेले, तेव्हा माझ्या मेंटरनं पहिलंच रेकॉर्डिंग मध्येच बंद करून विचारलं होतं, “हिला काय हवंय, हे तुम्ही विचारलंत कधी?” मी विचारलंच नव्हतं. तिचं दुखणं शोधत बसले होते. सल्ला देण्यात मुरलेल्या माणसाला हे काम नवख्यापेक्षा जड जातं, असं माझं आता पक्कं मत झालंय.

पैशांची गाठ मात्र वेगळी होती. एसीसीच्या १०० तासांपैकी ७५ तास पैसे घेऊन केलेले लागतात. बाईंच्या एक्सेल शीटमध्ये ३१ तास, आणि ‘फी’च्या रकान्यात सरळ शून्यं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब चोख ठेवला, पण स्वतःसाठी ५०० रुपये मागताना जीभ रेटेना. आयसीएफ रकमेचा आग्रह धरत नाही; वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात केलेलं कामही ‘पेड’ धरतं. हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. त्यांची शिवणकाम करणारी मैत्रीण लगेच तयार झाली: चार सेशनला दोन ब्लाउज, अस्तरासकट. तिला दुकान वाढवायचं होतं, उधारी मागायचा धीर होत नव्हता. दोघींची अडचण एकच. बाईंनी तिला ते सांगितलं नाही, हे त्यांनी मला फार अभिमानानं सांगितलं.

एकाला मात्र त्यांनी परत पाठवलं. तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, ‘कशातच अर्थ नाही’ म्हणणारा मुलगा. पूर्वी त्यांनी त्याला तासभर समजावलं असतं. यावेळी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्याच्या हातानं लावून घेतला, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ ठरेपर्यंत त्याच्या भावाला शेजारी बसवून ठेवलं, आणि तो तास शीटमध्ये लिहिला नाही.

मागच्या आठवड्यात दुसरं रेकॉर्डिंग आलं. तीच क्लार्क मुलगी. स्टॉपवॉचवर बाईंची ११ मिनिटं. मध्ये एका जागी दोघीही गप्प. पंख्याचा आवाज आणि लांबून कुकरची शिट्टी.

“२३ सेकंद आहेत ते,” बाई म्हणाल्या. “त्यात मी दोनदा तोंड उघडलं होतं, मॅडम. ऐकू येत नाही ते.”

त्यानंतर ती मुलगी म्हणते, “खरं सांगू? मला बदलीची भीती नाहीये.”

शीटवर ७२ तास झालेत. त्यात ब्लाउजचे चार.