अ‍ॅडॉप्टरचा दिवा लागतो, मग लॅपटॉप चार्ज का होत नाही?

प्रश्न : माझा लॅपटॉप दहा वर्षांहून जुना आहे, बॅटरी खालून काढता येते असा. मध्यंतरी चार्जरची पिन एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग व्हायचं, म्हणून तेवढ्याच व्होल्टचा दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅडॉप्टर घेतला. आता पिन धरून बसावं लागत नाही, पण स्क्रीनवर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं येतं आणि साधी फाइल उघडायलाही वेळ लागतो. दुरुस्तीवाले म्हणतात, मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?
– एक वाचक

उत्तर : मला तसं वाटत नाही. चार्ज होत नाही आणि मंद चालतो, या दोन्ही तक्रारी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात हे फार बरं केलंत. एरवी लोक पहिल्या तक्रारीसाठी बॅटरी बदलतात, दुसरीसाठी विंडोज पुन्हा टाकतात, आणि मूळ दोष तसाच राहतो.

अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत डोकावून पाहा. मधोमध सुईसारखी बारीक काडी आहे का? डेलच्या आणि एचपीच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपना अशी पिन असते. वीज वाहून न्यायला दोन वाहक पुरतात. ही काडी तिसरी, ओळख पटवण्यासाठी. डेलच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एक चिमुकली चिप असते आणि ‘मी ६५ वॉटचा’ किंवा ‘९० वॉटचा’ हे ती लॅपटॉपला कळवते. हा निरोप पोचला नाही तर लॅपटॉप सावध होतो. अ‍ॅडॉप्टरवर ताण नको म्हणून बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. तुमच्या दोन्ही तक्रारी इथे एकत्र येतात. मीटरवर मात्र १९.५ व्होल्ट अगदी बरोबर दिसतील, त्यामुळे नुसते व्होल्ट मोजणाऱ्याला हा दोष सापडत नाही.

लॅपटॉप डेलचा असेल तर सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जा. तिथे अ‍ॅडॉप्टर किती वॉटचा ते लिहिलेलं असतं. ‘अननोन’ दिसलं, की ओळख पटत नाही हे नक्की. मग कुणाकडून तरी त्याच कंपनीचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा, मूळ अ‍ॅडॉप्टर तासाभरासाठी मागून आणा. त्यावर चार्जिंग सुरू झालं तर लॅपटॉप निर्दोष आहे. नाही झालं तर लॅपटॉपच्या जॅकमधला (अ‍ॅडॉप्टरची पिन बसते त्या भोकातला) मधला संपर्क वाकलाय का, त्याचं सोल्डर सुटलंय का, ते तपासून घ्या. या सगळ्यानंतर बॅटरीवर संशय घ्यावा, त्याआधी नाही.

आता तुमचा जुना अ‍ॅडॉप्टर. तो टाकला नसेल अशी आशा आहे. नव्या अ‍ॅडॉप्टरची पिन धरावी लागत नाही, म्हणजे लॅपटॉपचा जॅक बहुधा घट्ट आहे आणि जुन्याची वायर पिनेजवळ, जिथे ती रोज वाकते तिथे, आतून तुटली आहे. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा (२० च्या रेंजवर आकडा काठावर येतो), एक टोक पिनेच्या आतल्या बाजूला, दुसरं बाहेरच्या बाजूला धरा आणि कुणाला तरी वायर हलवायला सांगा. आकडा येत-जात असेल तर निदान झालं. वायरसकट नवी पिन जोडता येते. मात्र ती तीन वाहकांचीच घ्या, आणि सोल्डर करताना वीज चुकूनही ओळखीच्या तारेत जाऊ देऊ नका, ते सर्किट जळतं.

जोडल्यावर बॅटरी काढून, फक्त अ‍ॅडॉप्टरवर, एखादा मोठा व्हिडिओ चालवून पाहा. जुन्या अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) पुष्कळदा सुकलेले असतात. नुसतं मोजताना व्होल्ट पूर्ण येतात आणि भार पडला की कोसळतात. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर तो अ‍ॅडॉप्टर ठेवू नका. त्याचा डबा घरी उघडूही नका, अगदी प्लग काढल्यावरसुद्धा. २३० व्होल्टच्या लाइनवर आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरतो आणि तो लगेच रिकामा होईलच असं नाही.

न मोजता ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. चांगली चालणारी मशिनं अशाने भंगारात जातात.

प्रश्न : अ‍ॅडॉप्टर भिंतीला लावला की दिवा लागतो, लॅपटॉपला जोडताच विझतो. अ‍ॅडॉप्टर बदलावा का?
– एक वाचक

उत्तर : आत्ता नको. दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरचाही दिवा असाच विझतो का, ते आधी पाहा. विझत असेल तर लॅपटॉपच्या आत, वीज शिरते त्या भागात, शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. बॅटरी काढूनही तसंच होतं का तेही बघा. पुन्हापुन्हा जोडत राहू नका. काही मॉडेलमध्ये जॅक छोट्या वायरने बोर्डाला जोडलेला असतो. तो सोडवून शॉर्ट जॅकमध्ये आहे की बोर्डावर, हे मीटरने पाच मिनिटांत कळतं. बोर्डावर असेल तर पुष्कळदा एखादा सिरॅमिक कपॅसिटर किंवा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेलेला निघतो. चिप लेव्हलचं काम करणाऱ्याकडे, म्हणजे बोर्डावरचे सुटे पार्ट बदलणाऱ्याकडे, जा आणि कोणता पार्ट शॉर्ट आहे ते त्याला मीटरवर दाखवायला सांगा.